दान आणि देणे



मागच्या मार्गशीर्षातली गोष्ट. आमच्या शिरपूरच्या भजनी मंडळाकडे हरिनाम सप्ताहातून थोडी वर्गणी उरली होती. तिची ब्लँकेटे घ्यावीत आणि तळोदा तालुक्यातल्या एखाद्या पुनर्वसन वसाहतीत नेऊन वाटावीत, असे ठरले. टेम्पो केला आणि शहाद्यावरून तळोद्याकडे निघालो. वसाहतीत पोचल्यावर लोकांना रांगेत उभे केले, एकेकाचे नाव पुकारून ब्लँकेट हातात दिले, प्रत्येक वेळी फोटो काढला. दोन तासांत काम उरकले. मनात समाधान होते. सत्कार्य घडले, असे सगळेच म्हणत होते.

निघताना एक म्हातारी जवळ आली. तिने ब्लँकेट खांद्यावर टाकले होते. मोडक्यातोडक्या मराठीत म्हणाली, "जेवून जा. भाकर केली आहे मक्याची. उडदाची डाळ आहे."

मी हात जोडले आणि म्हणालो, "आजी, आज आमचा उपवास आहे."

त्या दिवशी नवमी होती.

म्हातारी काही बोलली नाही. घरात गेली आणि फडक्यात बांधलेल्या भुईमुगाच्या शेंगा घेऊन आली. "उपवासाला शेंगा चालतात ना?" असे विचारून तिने ते गाठोडे माझ्या हातात ठेवले.

परतीच्या वाटेवर टेम्पोत सगळे त्या शेंगा फोडून खात होते. मला एकही गिळवेना. चाळीस वर्षे गळ्यात माळ आहे. पंढरीच्या वाटेवर किती अनोळखी घरांत जेवलो, त्याची मोजदाद नाही. ज्यांची जात विचारली नाही, नाव विचारले नाही, त्यांच्या ओसरीवर झोपलो. मग या एका घरची भाकर मला का नको झाली? आणि ती नाकारण्यासाठी मी एकादशीचा आडोसा का घेतला? तेव्हापासून या प्रश्नाने माझा पिच्छा सोडलेला नाही. तो आपल्या सर्वांचाच असावा असे वाटते, म्हणून लिहितो आहे.

वारीत काय घडते ते आधी आठवू या. आपल्या खानदेशातून मुक्ताईची पालखी मुक्ताईनगराहून निघते. अमळनेरला सखाराम महाराजांची परंपरा आहे. लहान दिंड्या तर गावोगावच्या. वाटेवरचा शेतकरी दिंडीला पिठले-भाकरी वाढतो, पाणी देतो, दुखरे पाय चेपतो. आणि वाढून झाल्यावर तो काय करतो? जेवणाऱ्याच्या पायावर डोके ठेवतो. देणारा वाकतो आणि घेणारा ताठ बसलेला असतो. तरीही घेणाऱ्याला गर्व होत नाही, कारण पुढच्या क्षणी तोही देणाऱ्याच्या पाया पडतो. दोघे एकमेकांना माउली म्हणतात. कोण दाता आणि कोण याचक हे तिथे सांगता येत नाही. संतांनी आपल्याला घालून दिलेली देण्याघेण्याची रीत ती हीच.

आमच्या वाटपात ही रीत कुठेच नव्हती. घेणारे रांगेत उभे होते आणि देणारे टेबलामागे. वाकत होते ते घेणारेच. आमच्यापैकी एकानेही कोणाच्या पायाला हात लावला नाही.

आता ही माणसे कोण, ते पाहू. ती परकी नाहीत. अक्कलकुवा आणि अक्राणी हे तालुके १ जुलै १९९८ पर्यंत आपल्याच धुळे जिल्ह्यात होते. त्या दिवशी नंदुरबार जिल्हा वेगळा झाला. सरदार सरोवराच्या पाण्याखाली महाराष्ट्राची जी ३३ गावे आली, ती याच दोन तालुक्यांतली. मणिबेली, चिमलखेडी, निमगव्हाण, डोमखेडी ही नावे त्यातलीच. वस्ती भिल्ल आणि पावरा आदिवासींची. धरण हवे होते की नको, हा वाद मी इथे करत नाही; तो करणारे जाणकार पुष्कळ आहेत. मी फक्त देण्याघेण्याचा हिशेब मांडतो.

नर्मदा पाणीतंटा लवादाने डिसेंबर १९७९ मध्ये निवाडा दिला. ज्यांची जमीन जाईल त्यांना जमिनीच्या बदल्यात जमीन मिळावी, ती किमान दोन हेक्टर असावी, सज्ञान मुलाला वेगळे कुटुंब धरावे आणि पाणी चढण्याआधी पुनर्वसन पूर्ण व्हावे, असे त्यात ठरले. त्याच निवाड्याने धरणाच्या विजेची वाटणी केली: मध्य प्रदेशाला ५७ टक्के, महाराष्ट्राला २७ आणि गुजरातला १६. म्हणजे त्या नदीकाठच्या चुली विझल्या, त्यातून झालेल्या उजेडाचे शंभरातले सत्तावीस भाग तुमच्या-माझ्या राज्याला मिळाले. आपल्या कीर्तनाच्या मंडपात जे दिवे लागतात, त्यात त्या उजेडाचा अंश नाही असे कोण छातीठोक सांगेल?

या लोकांसाठी तळोदा तालुक्यात जंगलाची जमीन मोकळी करून वसाहती झाल्या. एकीचे नाव रेवानगर, दुसरीचे नर्मदानगर. नाव नदीचे आहे, पण नदी मात्र डोंगरापलीकडे राहिली. माशांची सवय, मोहाची झाडे, पूर्वजांची जागा, सगळे मागे राहिले. २०१९च्या पावसाळ्यात धरण १३८.६८ मीटरपर्यंत पहिल्यांदा पूर्ण भरले. मणिबेलीला शूलपाणेश्वराचे जुने देऊळ होते. तेही पाण्यात गेले आणि गुजरातेत गोरा येथे देवाचे नवे देऊळ उभे राहिले. देव दगडाचा असो की भावाचा, त्याला घर बांधून देण्याचे आपल्याला सुचले. माणसांच्या बाबतीत मात्र कोण पात्र, कोण अपात्र, याचीच वर्षानुवर्षे चर्चा चालली.

नर्मदा परिक्रमा केलेले जुने लोक शूलपाणीच्या झाडीची कथा सांगत. तिथे भिल्ल परिक्रमावासीयाचे सगळे लुटून घेतात, अंगावर लंगोटी तेवढी ठेवतात, आणि मग तेच त्याला खायला घालून पुढची वाट दाखवतात. लहानपणी ऐकताना भीती वाटायची. आज वाटते, कोणी कोणाला लुटले? त्यांनी घेतली ती धोतरे आणि भांडी. त्यांचे गेले ते गाव, शेत आणि नदी. आणि आम्ही परत दिले काय? एक ब्लँकेट आणि त्याचा फोटो.

इथे मला शब्दांतला फरक दिसू लागला. आपल्या मराठीत 'देणे' या शब्दाला दोन अर्थ आहेत. एक, हाताने देणे. दुसरा, कर्ज. "माझे त्याच्याकडे देणे आहे" असे आपण सहज म्हणतो. वाण्याची उधारी फेडताना कोणी फोटो काढत नाही. उलट उशीर झाला म्हणून मान खाली घालतो. आम्ही त्या वसाहतीत दान करायला गेलो होतो. खरे तर देणे फेडायला जायला हवे होते. वस्तू तीच असती, ब्लँकेटच असते, पण आमची मान वेगळी असती.

आता यावर शंका येतात. कीर्तनात पूर्वपक्ष मांडतात तशा त्या मांडतो. सगळ्या माझ्याच मनात आलेल्या आहेत.

पहिली शंका: ज्याचे त्याचे प्रारब्ध. त्यांच्या नशिबी विस्थापन होते, त्याला आपण काय करणार? माउली, प्रारब्धाचा विचार संतांनी स्वतःच्या दुःखासाठी वापरला, दुसऱ्याच्या दुःखावर झाकण घालण्यासाठी नाही. १६३० च्या सुमाराच्या दुष्काळात तुकोबारायांच्या घरावर काय कोसळले ते आपण जाणतो. पण लोकांकडे सावकारीचे येणे होते, तेव्हा ते म्हणाले नाहीत की कर्ज हे कुळांचे प्रारब्ध. त्यांनी धाकट्या भावाला त्याच्या वाट्याचे कागद दिले आणि आपल्या वाट्याची गहाणखते इंद्रायणीत सोडली. धान्य वाटून पुण्य जोडता आले असते; त्यांनी आपला हक्कच बुडवला. रंजल्या माणसाविषयी त्यांनी जे सांगितले तो अभंग आपल्याला पाठ आहे, म्हणून इथे लिहीत नाही. पाठ आहे ते आचरणात येते का, एवढेच विचारायचे आहे.

दुसरी शंका: सरकारने जमीन दिली, पैसे दिले. आता आपला काय संबंध? याचे उत्तर दामाजीपंतांच्या कथेत मला मिळाले. मंगळवेढ्याला त्यांनी दुष्काळात बादशहाचे कोठार उघडले. आपण कथा सांगतो ती धान्य लुटवल्याची. पण कथा तिथे संपत नाही. त्या धान्याची किंमत कोणीतरी भरावी लागलीच. विठ्ठलाने विठू महार होऊन बिदरला जाऊन भरली. म्हणजे कोठार कोणाचेही असो, हिशेब पुरा झाला की नाही हे पाहायला देव स्वतः गेला. आणि गेला तो कोणत्या रूपात? ज्याला लोक दारात उभे करत नव्हते, त्याच्या रूपात. सरकारने दिले असेल. पुरे पोचले का, हे विचारायला जाणे हे आपले काम आहे.

तिसरी शंका: आधी आपल्या गावचे गरीब पाहावेत. ही शंका मला खरी वाटली आणि मी शिरपूरकडे पाहिले. बोराडी, सांगवी, पळासनेर या सातपुड्याच्या पायथ्याच्या पट्ट्यात पावरा बांधव राहतात. दिवाळी झाली की त्यांची कुटुंबे ट्रकांत बसून ऊसतोडीला जातात, कित्येक गुजरातेत. मुकादमाकडून आधी उचल घेतलेली असते, ती हंगामभर राबून फेडायची. म्हातारी माणसे झोपडी राखायला मागे राहतात. लेकरे शाळा सोडून बरोबर जातात. होळीला परत येतात, कारण होळी त्यांचा सर्वांत मोठा सण. आग्रा रोडवरून हे ट्रक जातात तेव्हा आपण हरिपाठाला बसलेलो असतो. त्यांचे गाव धरणात गेले नाही, तरी वर्षातले चार-पाच महिने ते विस्थापितच असतात. तेव्हा तिसऱ्या शंकेचे उत्तर असे की गावचे गरीब पाहायचेच, पण 'आधी आपले' असे म्हणणारा मी आपल्यांकडेही पाहत नव्हतो. जवळच्याचे नाव सांगून दूरचा टाळायचा आणि दूरच्याचे सांगून जवळचा, ही मनाची जुनी खोड आहे.

दूरच्याचा विषय निघालाच आहे तर आपल्या देशाच्या दुसऱ्या टोकाची एक गोष्ट सांगतो. १ फेब्रुवारी २०२१ ला म्यानमारमध्ये लष्कराने सत्ता घेतली. तिथल्या चिन प्रांतातली गावे जळू लागली, तेव्हा तिथले लोक तिआऊ नदी ओलांडून आपल्या मिझोराममध्ये आले. पुढे ही संख्या तीस हजारांच्या वर गेली. मिझोरामची सारी लोकसंख्या २०११च्या जनगणनेत अकरा लाखांच्या आत होती. भारताने निर्वासितांविषयीच्या १९५१च्या आंतरराष्ट्रीय करारावर सही केलेली नाही, त्यामुळे निर्वासित म्हणून कायद्याने या लोकांना काही हक्क नव्हता. मार्च २०२१ मध्ये केंद्राने सीमेवरच्या राज्यांना लोंढा रोखण्यास कळवले. मिझोरामच्या मुख्यमंत्र्यांनी पंतप्रधानांना पत्र लिहून सांगितले की हे आमचे रक्ताचे लोक आहेत, त्यांच्याकडे पाठ फिरवता येणार नाही. गावकऱ्यांनी घरे उघडली. चर्चने आणि यंग मिझो असोसिएशनच्या शाखांनी तांदूळ, कपडे, औषधे गोळा केली, बांबूची घरे उभारून दिली. मिझो भाषेत 'त्लॉमङाइहना' असा शब्द आहे. स्वतःआधी दुसऱ्यासाठी झटायचे आणि त्याची वाच्यता करायची नाही, असा त्याचा भाव. श्रीमंत लोक नाहीत ते; डोंगरावर भाताची शेती करणारे.

हे वाचले आणि मनात आले, त्यांचा धर्म वेगळा, देवाचे नाव वेगळे. ते म्हणतात, हे आमच्या रक्ताचे म्हणून आम्ही घेतले. आपण तर रक्ताच्याही पुढे जातो. प्रत्येक भूतात विठ्ठल आहे असे रोज सांगतो. म्हणजे आपला दावा त्यांच्यापेक्षा मोठा. मग आपले घर त्यांच्यापेक्षा लहान का?

आता शेवटची शंका, आणि तीच माझ्या खोटे बोलण्याच्या मुळाशी होती. मी माळकरी. त्या घरात मांस शिजत असेल, मग तिथे जेवायचे कसे? माउली, माळेचा नियम मी मोडा म्हणत नाही. मांस खाऊ नये, हे खरेच. पण म्हातारीने मला मक्याची भाकर आणि उडदाची डाळ देऊ केली होती. माळेने मला अभक्ष्य टाळायला सांगितले होते, माणूस टाळायला नव्हे. मी टाळला तो माणूस, आणि नाव घेतले एकादशीचे. नाथमहाराज पैठणला ज्यांच्या घरी जेवले म्हणून ब्राह्मणांचा रोष ओढवला, ती कथा आपण किती रंगून ऐकतो! आपल्या अमळनेरच्या शाळेत शिकवलेले साने गुरुजी १९४७च्या मे महिन्यात पंढरीत उपोषणाला बसले, ते विठ्ठलाचे दार हरिजनांना उघडावे म्हणून. दार उघडले. पण देवळाचे दार उघडणे एक आणि आपल्या मनातल्या स्वयंपाकघराचे दार उघडणे दुसरे. ते दुसरे प्रत्येकाला स्वतः उघडावे लागते. त्यासाठी कोणी उपोषण करून भागत नाही.

याच साने गुरुजींनी १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात विनोबांची गीतेवरची प्रवचने लिहून घेतली. विनोबा पुढे भूदानासाठी फिरले तेव्हा म्हणत, घरात पाच मुलगे असतील तर मला सहावा समजा आणि माझा वाटा द्या. भिक्षा मागत नव्हते ते; वाटा मागत होते. भावाचा वाटा देताना आपण उपकार करत नाही. 'देणे' म्हणतो ते हेच.

वारकरी आणि विस्थापित यांत एक फरक मात्र विसरून चालणार नाही. आपणही घर सोडून निघतो, उघड्यावर झोपतो, दुसऱ्याच्या अन्नावर जगतो. पण मागे घराला कुलूप असते आणि किल्ली कंबरेला. द्वादशी सोडली की आपण परत निघतो. विस्थापिताला परतवारी नाही. म्हणून आपली मदतही एका दिवसाची असून चालत नाही. जिथे परतीची वाट नाही तिथे एकदाच जाऊन येणे म्हणजे कीर्तनाला केवळ नमन करून उठण्यासारखे आहे.

मी पुन्हा गेलो. या वेळी टेम्पो नव्हता, फोटो नव्हता. मंडळातले दोघे बरोबर होते, त्यातले एक निवृत्त तलाठी. म्हातारीच्या ओट्यावर बसलो. आधी तिला सांगितले की त्या दिवशी उपवास नव्हता. ती हसली. म्हणाली, "माहीत होते. तुमच्या एकाच्या तोंडात विड्याचे पान होते." मग तिने भाकर वाढली. जेवल्यावर मी तिच्या पायाला हात लावला, तेव्हा ती गडबडून मागे सरली. तिच्या लोकांच्या देवीचे नाव याहामोगी. याहा म्हणजे आई. आपण माउली म्हणतो, ती याहा म्हणते. एवढेच अंतर होते, आणि मी ते एका खोट्या एकादशीने वाढवले होते.

बोलता बोलता कळले की नवरा वारल्यावर जमिनीच्या कागदावर वारसांची नावे चढलेलीच नाहीत. कोणाकडे जायचे, काय जोडायचे, तिला माहीत नव्हते. तलाठीबुवांनी कागद पाहिले, अर्ज लिहिला, मृत्यूचा दाखला कुठून काढायचा ते मुलाला समजावले. पुढच्या महिन्यात त्याच्याबरोबर कचेरीत जायचे कबूल केले आणि गेलेही. काम अजून पुरे झालेले नाही. दोन खेपा झाल्या, तिसरी होईल. ब्लँकेटला शंभर माणसांची वर्गणी लागली होती; याला एका माणसाचा वेळ लागतो आहे. पण वसाहतीतले आणखी तीन जण आपापले कागद घेऊन त्यांच्या वाटेकडे डोळे लावून बसलेले असतात.

म्हणून माझी विनंती एवढीच. ब्लँकेट वाटू नका असे मी म्हणत नाही. थंडीत ते लागतेच. पण देण्याआधी तीन गोष्टी स्वतःला विचाराव्यात. ज्याला देतो आहे त्याच्या पायावर मला डोके ठेवता येईल का? त्याने वाढले तर मी जेवेन का? आणि पुढच्या महिन्यात मी पुन्हा येईन का? तिन्हींना होय म्हणता आले, तर ती पंगत वारीतली आहे असे समजावे. एकाला जरी नाही आले, तरी द्यावे. पण त्याला पुण्य म्हणू नये. थकलेल्या देण्याचा एक हप्ता म्हणावे आणि बाकी किती उरली ते मनात लिहून ठेवावे.

त्या शेंगांपैकी मूठभर मी ठेवल्या होत्या. परसात पेरल्या. या पावसाळ्यात चार वेल धरले आहेत. काढणी झाली की तिच्याकडे घेऊन जाणार आहे. दान म्हणून नव्हे.

रामकृष्ण हरी.